डाव्या डोळ्याचे नवरात्र

१२ सप्टेंबर, गुरुवार. तेर.

डॉक्टरबाईंनी वाचन बंद केले आहे. लेखनाविषयी त्या काही बोलल्या नाहीत. म्हणून हे लिहिते आहे, उजव्या डोळ्याच्या भरवशावर आणि मोठ्या अक्षरांत.

माझ्या डाव्या डोळ्याच्या आजाराचे नाव युव्हिआयटिस. शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशी आपल्याच डोळ्याला परका समजून त्याच्यावर तुटून पडतात. डोळा लाल होतो, ठणकतो, उजेड सोसत नाही, आणि वेळीच आवरले नाही तर दृष्टी जाते. हे मला सूक्ष्मजीवशास्त्राच्या पुस्तकातून आधीच ठाऊक होते. धाराशिवला एम. एस्सी.च्या पहिल्या वर्षाला मी उगीच गेलेली नाही. पण आज सोलापूरच्या दवाखान्यात हे सांगण्याची पाळी माझ्यावर आलीच नाही.

डॉक्टरबाईंनी मला विचारले, "कधीपासून दुखतंय?" मी मनात वाक्य जुळवीत होते. कर्ता आणि क्रियापद एकत्र येईपर्यंत वहिनींनी उत्तर दिले, तेही इंग्रजीत. पुढे डॉक्टरबाई त्यांच्याशीच बोलल्या. गोळ्या रोज सकाळी जेवणानंतर, एक थेंब तासातासाला, दुसरा बाहुली मोठी करणारा. "मनाने बंद करायच्या नाहीत, हळूहळू मीच कमी करीन," हेसुद्धा त्यांनी वहिनींकडे पाहून सांगितले. डोळा माझा होता.

वहिनी म्हणजे कुलदीपदादाची पत्नी, शिवगंगा. वैशाखात लग्न झाले. सोलापूरच्या, शिक्षण इंग्रजी माध्यमातून, औषधशास्त्राची पदवी. दहावीपासून आजपर्यंत मी पहिला क्रमांक सोडलेला नाही, आणि माध्यम मराठी. गल्लीत कुणाला औषधाची पट्टी वाचून हवी असली की आमच्या दारात "अक्षदा हाय का?" अशी हाक येई. आज परतलो तेव्हा शेजारच्या गजराबाई पट्टी घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "आली का गं पोरी? बरं झालं. सूनबाई कुठं हाय?"

१५ सप्टेंबर, रविवार.

थेंब वहिनी घालतात. "वर बघा ताई. छताला काय दिसतंय?"

"पाल," मी म्हणाले.

"पाल का? मग पटकन घालते, नाहीतर ती थेंब पिऊन टाकेल की हो!"

वडील, म्हणजे आण्णा, हसले, आई हसली, दादा तर पोट धरून हसला. पाल मी दाखवली होती. हे कुणाच्याही ध्यानात नाही.

पूर्वी दादा धाराशिवच्या बँकेतून सुटला की माझ्यासाठी वाचनालयातले पुस्तक आणीत असे. आता तो पिशवी सरळ आतल्या खोलीत नेतो.

२१ सप्टेंबर, शनिवार.

डोळ्याची लाली उतरली आहे. सगळे म्हणतात, "सूनबाईच्या हाताला गुण हाय." औषधाला गुण आहे, असे कुणी म्हणत नाही. डोळ्याने साथ दिली, असे तर नाहीच.

आमच्या प्राध्यापिकाबाईंनी माझ्या सेमिनारसाठी एक शोधनिबंध मोबाईलवर पाठवला. विषय आतड्यातील जिवाणू आणि डोळ्याचा हाच आजार. मला वाचायची मनाई, म्हणून वहिनी वाचू लागल्या. त्यांचे इंग्रजी ओढ्यासारखे खळखळ वाहते. माझे इंग्रजी विहिरीतले आहे. पाणी आहे, पण दोर लागतो.

संशोधकांनी अशा उंदरांवर प्रयोग केले ज्यांना जन्मतःच हा आजार होण्याची प्रवृत्ती होती. औषध देऊन त्यांच्या आतड्यातले जिवाणू घटवले, तेव्हा डोळ्याचा आजार उशिरा आणि सौम्य आला. त्यावरून त्यांनी अनुमान काढले की त्या रक्षक पेशी प्रथम चवताळतात त्या आतड्यात. तिथल्या एखाद्या जिवाणूचा काही अंश डोळ्याच्या पडद्यातल्या पदार्थासारखा दिसत असावा. तिथे शत्रूची ओळख पटली की त्या पेशी रक्तातून डोळ्यापर्यंत पोहोचतात आणि निरपराध डोळ्याला शत्रू ठरवतात.

मी ते आण्णांना मराठीत उलगडून सांगितले. वाचले वहिनींनी, पण समजावले मी. फार दिवसांनी बरे वाटले. आण्णांनी पानाला चुना लावता लावता ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हंजे दुखणं डोळ्यात, आन् कारण पोटात? अगं, माणसांचं लई जागी तसंच असतंय की."

आण्णांना विज्ञान समजावणे कठीण आहे.

शेवटचे पान उरले होते, तेवढ्यात आईने वहिनींना चुलीपाशी हाक मारली. "उरलेलं उद्या वाचू की ताई," असे म्हणून त्या गेल्या.

२४ सप्टेंबर, मंगळवार.

ते पान त्यांनी अजून वाचलेले नाही. मी विचारणारही नाही. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शेवटच्या पानावर असते, हे औषधशास्त्राची पदवी घेतलेल्या व्यक्तीला ठाऊक असणारच. उपाय त्या पानावर असला आणि मी त्याने बरी झाले, तर थेंबांचे कौतुक कोण करील?

दुपारी गोठ्यामागे वहिनी मोबाईलवर आपल्या आईशी कानडीत बोलत होत्या. मला कानडी येत नाही. "ताई" हा शब्द मात्र दोनदा ऐकू आला. नंतर त्यांनी पदराने डोळे पुसले. माझ्याविषयी गाऱ्हाणे करताना एवढे रडण्यासारखे काय आहे, ते कळले नाही.

२९ सप्टेंबर, रविवार.

तुळजापूरची देवी सध्या निद्रेत आहे, म्हणून आईने गाद्या गुंडाळून ठेवल्या आहेत. आम्ही सगळे सतरंजीवर निजतो. गुरुवारी घट बसतील. माझा डोळा बरा झाला की देवीला चांदीचे डोळे वाहीन, असा नवस आईने केला आहे.

घटावर रोज चढते ती माळ ओवण्याचे काम मी सातवीत असल्यापासून माझे आहे. यंदाच्या माळांसाठी म्हणून आज आईने फुलांची रिकामी परडी आणि सुईदोरा वहिनींपुढे ठेवला.

"आई, माळ मी ओवते," मी म्हणाले.

"तुला दिसायचं न्हाय गं बाय. सुई टोचून घेशील. आता घरची सून हाय, तिला करू दे."

"ताईंनाच ओवू द्या की आत्याबाई, मी फुलं निवडून देते," वहिनी म्हणाल्या. सासूला त्या आत्याबाई म्हणतात.

या औदार्याची मला गरज नव्हती. मी उठून परसात गेले.

३ ऑक्टोबर, गुरुवार. घटस्थापना.

मी एक निश्चय केला आहे. तो पुरेसा शास्त्रीय आहे, म्हणून लिहून ठेवते.

आतड्यातील जिवाणू आपण खातो त्या अन्नावर जगतात. अन्न थांबले तर ते घटतील. ते घटले तर पेशींना चिथावणी मिळणार नाही आणि डोळा आपोआप शांत होईल. उंदरांवर हे औषधाने साधले, मी उपवासाने साधेन. नवरात्रात कडक उपवास करायचा, म्हणजे पाणी आणि एक वेळ दूध. साबुदाणा नाही, भगर नाही, शेंगदाणे नाहीत. गोळ्याही बंद, कारण गोळ्या चालू ठेवल्या तर डोळा कशाने बरा झाला हे सिद्ध कसे होणार? प्रयोगात एका वेळी एकच घटक ठेवावा लागतो.

गोळ्या का घेणार नाही, हे मात्र मी वेगळ्या शब्दांत सांगितले. "डॉक्टरबाईंनी गोळी जेवणानंतर सांगितली आहे. नऊ दिवस मी जेवणार नाही."

"मग दुधाबरोबर घ्या की ताई!"

"त्यांनी जेवण म्हटले होते. दूध नव्हे."

"ताई, हे स्टेरॉईड आहे हो. असं एकदम बंद करत नाहीत, उलटतं. अहो, तुम्ही तरी सांगा काहीतरी..." त्यांनी दादाकडे पाहिले. दादाने आईकडे पाहिले.

आई म्हणाली, "पोरगी डोळ्यापायी देवीचा कडक उपास धरतीय, आन् तू तिला मोड म्हणतीस? आमच्या घरात घट बसल्यावर कुणी उपास मोडला न्हाय आजपर्यंत. आंबाबाई बघून घेईल."

वहिनींनी गोळ्यांची पट्टी परत डब्यात ठेवली. या घरातले त्यांचे हे पहिले नवरात्र. घट त्यांच्या हातून बसला आहे, अखंड दिवा त्यांच्याकडे आहे आणि उपवासही नऊ दिवसांचा. सासूपुढे दुसऱ्यांदा बोलणे शक्य नव्हते. प्रथमच त्या हरल्या, आणि मला आनंद झाला. तो लपवून काय करू?

थेंबही आता मीच घालते. काही गालावर ओघळतात.

५ ऑक्टोबर, शनिवार. तिसरी माळ.

पोट हलके, डोके जड. डोळा ठीक आहे. गजराबाई आल्या आणि माझ्या पायाशी वाकू लागल्या. "लई कडक हाय गं तुझं! देवीचं लेकरू हाईस." वहिनी दाराआड उभ्या होत्या. त्यांनी ऐकले असावे अशी आशा आहे.

दुपारी त्या मोबाईल घेऊन माझ्यापाशी आल्या. "ताई, ते शेवटचं पान राहिलंय बघा. ऐका तरी." आणि मी नको म्हणायच्या आत वाचू लागल्या. हे निष्कर्ष उंदरांपुरते आहेत. माणसांत कोणता जिवाणू कारणीभूत ठरतो हे अजून निश्चित नाही. यावरून आजच उपचार बदलू नयेत.

मी म्हणाले, "प्रत्येक शोधनिबंधाच्या शेवटी असे लिहावेच लागते. ती शिष्टाचाराची भाषा असते."

त्यांनी मोबाईल खाली ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "माझ्यावर राग आहे का ओ ताई तुमचा?"

"छे," मी म्हणाले. एवढा सरळ प्रश्न पुस्तकात कधी येत नाही.

७ ऑक्टोबर, सोमवार. पाचवी माळ.

सकाळपासून डाव्या डोळ्यात ठणका आहे. कपाळापर्यंत कळ जाते. उजवा डोळा मिटून पाहिले तर दिव्याच्या जागी धुरकट डाग दिसतो. समईच्या पाच वाती मोजता येत नाहीत.

कदाचित जिवाणू मरताना आधी उसळी मारत असतील. असे कुठे वाचल्याचे आठवत नाही, पण असू शकते.

कुणाला सांगितलेले नाही. सांगितले तर वहिनी बरोबर ठरतील.

हे वाक्य लिहून झाल्यावर मी बराच वेळ त्याच्याकडे पाहिले. खोडावेसे वाटले. पण ते खरे आहे. डोळा जाणे मला परवडत नाही. डोळ्यांवाचून मी कोण? आणि तरीही या क्षणी मला डोळ्यापेक्षा त्यांचे बरोबर ठरणे अधिक जड जात आहे.

८ ऑक्टोबर, मंगळवार. सहावी माळ.

आज जे घडले ते मी क्रमाने लिहिते, नाहीतर माझाच विश्वास बसणार नाही.

सकाळी मी देवघरापुढे बसले होते. वहिनी डाव्या बाजूने आल्या. फुलांची परडी त्यांनी माझ्या चेहऱ्याजवळ धरली होती म्हणे. मला कळलेच नाही. त्यांनी परडी हलवली, तरी मी समोरच पाहत राहिले.

"ताई, हे काय धरलंय मी?"

मी वास घेण्याचा प्रयत्न केला. झेंडूचा आला. "झेंडू," मी म्हणाले.

"झेंडू परडीत खाली आहेत. वर मी चार बोटं धरली होती."

त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि पीठ मळल्याचा आवाज आला. नवरात्रात, मंगळवारी, आमच्या घरात ज्वारीची भाकरी थापल्याचा आवाज! आई परसातून धावत आली.

"आगं, काय करतीस? कुणासाठी?"

"माझ्यासाठी, आत्याबाई."

त्यांनी भाकरी ताटात घेतली, वर पिठले वाढले आणि घटासमोर, माझ्या शेजारी, मांडी घालून बसल्या. आईच्या डोळ्यांदेखत पहिला घास मोडला आणि तोंडात घातला. घास गिळायला त्यांना इतका वेळ लागला की आण्णा पाण्याचा तांब्या घेऊन पुढे झाले.

"या घरात कुणीच मोडला नाही ना? आता मी मोडला. पहिली मी," वहिनी म्हणाल्या. "कोप व्हायचा तो माझ्यावर होईल. ताईंनी मोडला तर तो दुसरा झाला. आता खा की ओ ताई. पाया पडते तुमच्या. डोळा चाललाय तुमचा."

आई भिंतीला टेकून खाली बसली. "सवाशिणीनं घटापुढं... कुलदीप, बघ रे बाबा, तुझी बायकू बघ!"

दादा दारात उभा होता. तो म्हणाला, "आई, गप जरा. अक्षदा, खा."

माझ्या मनात त्या वेळी कोणता विचार आला, तो लिहायला हवा. कृतज्ञता नव्हे. मला वाटले, जन्मभर मी पहिला क्रमांक मिळवला, आणि पाप करण्यातसुद्धा ही बाई माझ्या आधी पोहोचली.

मग मी भाकरी खाल्ली. भूक इतकी होती की रडू आले. वहिनींनी तळहातावर गोळी धरली. मी ती घेतली. दुपारच्या बसची वाट न पाहता दादाने मित्राची गाडी बोलावली.

९ ऑक्टोबर, बुधवार. सोलापूर.

सूज आधीपेक्षा वाढली आहे. बाहुली मागच्या भिंगाला चिकटली. डोळ्याशेजारी इंजेक्शन दिले. आणखी एक-दोन दिवस गेले असते तर काय झाले असते, हे डॉक्टरबाईंनी सांगितले. ते मी इथे उतरवणार नाही.

"गोळ्या कुणी थांबवल्या?" त्यांचा आवाज चढला होता.

"माझ्याकडून राहिल्या, मॅडम," वहिनी म्हणाल्या.

म्हणजे दोषसुद्धा! दोषसुद्धा त्याच घेऊन जाणार होत्या. मी या वेळी वाक्य जुळवत बसले नाही. कर्ता एवढाच बोलले. "मी."

डॉक्टरबाई प्रथमच माझ्याकडे वळल्या.

१३ ऑक्टोबर, रविवार. तेर.

काल दसरा झाला. ठणका थांबला आहे. धूर विरळ झाला आहे, पण बाहुली गोल राहिली नाही. एका बाजूने ओढल्यासारखी दिसते. ती तशीच राहील म्हणतात.

वहिनी इथे नाहीत. आई त्यांच्याशी बोललीच नाही. परवा दादाला म्हणाली, "चार दिस माहेरी राहू दे तिला." वहिनींनी एक पिशवी भरली आणि आईच्या पाया पडून गेल्या. आईने पाय मागे घेतले.

आता थेंब आई घालते. माळेची परडी मला परत मिळाली. अखेरची माळ मीच ओवली, वेडीवाकडी. गजराबाई पट्टी घेऊन माझ्याकडे आल्या. दादाने वाचनालयातले पुस्तक आणून उशाशी ठेवले. मला जे जे हवे होते ते सारे परत आले आहे.

आईचा हात जड आहे. थेंब घालताना ती छतावर काय दिसते ते विचारीत नाही.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार. सोलापूर.

आज डोळा दाखवायचा होता. दादाला सुटी नव्हती. मी म्हणाले, मी एकटी जाईन. मी कधी एकटी सोलापूरला गेलेली नाही. आई म्हणाली, "तू? कंडक्टरला तिकीट मागायला लाजतीस तू."

तेव्हा मी आईला सांगितले. "आई, उपवास मी देवीसाठी धरला नव्हता. वहिनींच्या औषधाने बरे व्हायचे नव्हते, म्हणून धरला होता. देवीला वहिनींनी फसवले नाही. मी फसवले."

आई भांडी घासत होती. तिने ती सगळी घासली, उपडी घातली, हात पुसले.

"माळ तिच्याकडं दिली तवाच तुझं तोंड बघितलं हुतं म्या," ती म्हणाली. "कळून बी गप बसले. माझं बी चुकलंच की गं."

मग देवघरातून घटात उगवलेल्या धानाचा तुरा आणला. दसऱ्याला तो घरातल्या प्रत्येकाच्या डोक्यात खोवतात. तुरा सुकून पिवळा पडला होता. आईने तो रुमालात बांधून माझ्या हाती दिला. "तिच्या केसात खोवायचा राहिला हाय."

डॉक्टरबाई म्हणाल्या, दृष्टी बरीचशी परत येईल, सगळी नाही. यावेळी साऱ्या प्रश्नांची उत्तरे मी दिली, मराठीत. मग रिक्षा करून, पत्ता विचारत विचारत वहिनींच्या माहेरी पोहोचले.

दार उघडेच होते. वहिनी अंगणात बाजेवर बसल्या होत्या. त्यांची धाकटी बहीण हर्षाली त्यांच्या मांडीवर डोके ठेवून पडली होती, आणि वहिनी तिच्या केसांना तेल लावता लावता कानडीत काही सांगत होत्या. पोरगी खदखदा हसत होती. "अक्का, अक्का" म्हणून त्यांचा हात ओढून पुन्हा आपल्या डोक्यावर ठेवीत होती.

मी उंबऱ्यात उभी राहिले. पोटात ओळखीची कळ उठली. पण वहिनींना पाहून नव्हे. त्या मुलीला पाहून. ती तिथे अशी का पडली आहे, आणि किती दिवस पडणार आहे, असे मला वाटले.

वहिनींची आई, गंगम्मा, आतून आल्या. "यारु? कोण गं बाई तू?"

वहिनी वळल्या आणि एकदम उभ्या राहिल्या. हर्षालीचे डोके बाजेवर आपटले. मला वाईट वाटले नाही.

"ताई! एकट्या? आत्याबाईंनी पाठवलं?"

"आईने हे पाठवले आहे," मी रुमाल पुढे केला. "मी मात्र स्वतः आले आहे. चला."

"चार दिवस राहू दे की तिला," गंगम्मा म्हणाल्या. "तुमच्याकडं काय अडलंय आता?"

खरे तर काहीच अडलेले नव्हते. थेंब आई घालते, माळ मी ओवली, पट्ट्या मी वाचते.

"माझे अडले आहे," मी म्हणाले.

हर्षाली डोके चोळीत म्हणाली, "अक्का आजच आमच्यासंगं सिनेमाला येणारे."

"ती उद्या माझ्यासंगे येणार आहे," मी म्हणाले. वहिनींना मी 'ती' म्हटले, हे मला नंतर उमगले.

वहिनींनी रुमाल सोडला, तुरा पाहिला आणि तो वेणीत खोवला. मग हसल्या. "आज सिनेमा, उद्या तेर. तुम्हीपण या की ताई."

डोळ्यांना सिनेमाच्या पडद्याचा उजेड सोसत नाही, म्हणून मी गेले नाही. त्या दोघी गेल्या आहेत. मी अंगणात बाजेवर बसून हे लिहिते आहे, आणि दर थोड्या वेळाने दाराकडे पाहते आहे.